रात्री रेंगाळणारे नेट आणि गच्चीवरची दुधाची पिशवी

पाऊस सुरू झाल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत घरच्या इंटरनेटविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की या वेळी दुसरा विषय घेताच आला नाही. बहुतेकांनी पत्राच्या शेवटी एकच प्रश्न विचारला आहे: नवीन राउटर, म्हणजे घरात वाय-फाय पसरवणारे यंत्र, घ्यावा का? ‘इतक्यात नको’ हे त्याचे उत्तर पुढे ठिकठिकाणी येईलच. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि वाचकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही माटुंग्याला एका जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही एकाच काळ्या तारेतून येतात. कनेक्शन दहा-बारा वर्षांपूर्वीचे आहे. प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे. सकाळी वेग पूर्ण मिळतो, पण रात्री नऊनंतर व्हिडिओ अडखळतो, आणि पाऊस लागला की कनेक्शन दिवसातून चार-पाच वेळा तुटते. केबलवाल्यांचा मुलगा येतो, मोडेम बंद करून चालू करतो, ‘आता बघा काका’ म्हणतो आणि जातो. तो असेपर्यंत सगळे नीट चालते. राउटर बदलावा का?
– एक निवृत्त वाचक, माटुंगा

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगवेगळी दुखणी एकत्र आली आहेत आणि तो मुलगा दोन्हींवर एकच औषध देतो आहे. रात्रीचा संथपणा आणि पावसातले तुटणे यांची कारणे बहुधा निरनिराळी आहेत, म्हणून त्यांचा तपासही निरनिराळा करावा लागेल. आणि तो होईपर्यंत राउटरवर पैसे घालवू नयेत.

आधी वाय-फाय बाजूला ठेवावे. लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला, म्हणजे काळी तार ज्या यंत्रात शिरते त्याला, जोडून सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा अशा तीन वेळी चार दिवस स्पीड टेस्ट घ्यावी आणि आकडे वेळेसह वहीत उतरवावेत. तारेने जोडूनही रात्री वेग पडत असेल, तर राउटर आणि वाय-फाय या दोघांवरचा आळ गेला. त्यानंतर त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकावा. बहुतेक केबल मोडेमचे स्वतःचे माहितीचे पान या पत्त्यावर उघडते, आणि त्यावरच्या आकड्यांच्या गर्दीतले तीनच आकडे आपल्या कामाचे असतात. पहिला, बाहेरून घरात येणाऱ्या सिग्नलची ताकद, जी शून्याच्या आसपास, म्हणजे उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) दरम्यान असली की निश्चिंत राहावे. दुसरा, सिग्नल आणि गोंगाट यांचे प्रमाण, जे ३३ डेसिबलच्या वर असलेले बरे. तिसरा, मोडेमला उलट दिशेने बोलण्यासाठी लावावा लागणारा जोर. हा ५० डीबीएमव्हीच्या पुढे गेला असेल तर मोडेम बेंबीच्या देठापासून ओरडतो आहे आणि पलीकडे त्याचे जेमतेम ऐकू जाते आहे, असे समजावे.

आता हे तीन आकडे सकाळी आणि रात्री सारखेच असतील, वेग मात्र रात्रीच पडत असेल, तर आपली तार निर्दोष आहे आणि दोष गर्दीचा आहे. आपल्या प्रकारच्या जोडणीत फायबर गल्लीतल्या एका पेटीपर्यंत येते आणि तिथून पुढे आजूबाजूच्या अनेक इमारतींतली घरे त्याच काळ्या तारेतले इंटरनेटसाठी राखलेले तेच ठरावीक चॅनेल वाटून घेतात. रात्री जेवणे उरकून सगळे एकाच वेळी पडद्यासमोर बसले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा हिस्सा आटतो. यावर घरात कोणताही उपाय नाही. कंपनीने ती पेटी विभागून घरांची संख्या कमी करावी, किंवा आपण फायबरच्या जोडणीकडे वळावे, हे दोनच मार्ग आहेत, आणि माझे मत विचाराल तर दुसरा धरावा.

पावसातले तुटणे मात्र निश्चित बरे होण्याजोगे आहे. या बाबतीत मी स्वतः दोन पावसाळे फुकट घालवले आहेत. आमच्या पार्ल्याच्या इमारतीतही अशीच काळी तार होती आणि जूनच्या पहिल्या सरीबरोबर मोडेमवरचा ऑनलाइनचा दिवा मिचमिचू लागायचा. पहिल्या वर्षी मी राउटर बदलला, दुसऱ्या वर्षी कंपनीला सांगून मोडेम बदलून घेतला. शेवटी एका रविवारी सेक्रेटरींकडून किल्ली घेऊन गच्चीवर गेलो. आमची तार पाण्याच्या टाकीशेजारी एका जोडावर येत होती आणि तो जोड ओला होऊ नये म्हणून कोणीतरी सद्भावनेने त्याला दुधाची पिशवी गुंडाळून वरून काळी पट्टी मारली होती. पट्टी उन्हाने सुटली होती, पिशवीत वरून पाणी शिरत होते आणि खालची गाठ पक्की असल्यामुळे ते बाहेर पडत नव्हते. थोडक्यात, आमचा कनेक्टर अर्धी वाटी पाण्यात बुडवून ठेवलेला होता. तो उघडला तेव्हा मधल्या तारेच्या टोकावर हिरवट काळा थर आला होता आणि बाहेरची जाळी बोट लावताच भुगा होऊन गळत होती. चार बोटे तार कापून नवा कनेक्टर बसवायला लाइनमनला दहा मिनिटे लागली.

सांगायचे एवढेच की पाणी जोडापाशी थांबत नाही. या तारेच्या आत सिग्नल राखणारी धातूची जाळी असते आणि तिच्यातून पाणी वातीसारखे पुढे ओढले जाते, त्यामुळे नुसता कनेक्टर पुसून भागत नाही, खराब झालेला तुकडा कापूनच टाकावा लागतो. आपल्या इमारतीच्या गच्चीवर आणि जिन्याच्या खिडकीपाशी अशा किती जागा आहेत ते पाहावे. तार खिडकीतून आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिलेला असावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकून जाते आणि आत येत नाही. जुन्या इमारतींत ही तार बहुधा वरून सरळ उतरत भिंतीच्या भोकात शिरलेली असते, आणि पहिल्या पावसात त्या भोकाभोवती ओल का येते याचेही उत्तर तिथेच सापडते.

घरातही एक गोष्ट पाहावी. टीव्हीसाठी पूर्वी बसवलेला स्प्लिटर, म्हणजे एका तारेच्या दोन किंवा चार तारा करणारी ती छोटी चंदेरी डबी, अजून मध्ये आहे का? दोन तोंडांची डबी प्रत्येक तोंडाला सुमारे साडेतीन डेसिबल खाते, म्हणजे सिग्नलची निम्म्याहून अधिक ताकद तिथेच जाते, आणि चार तोंडांची डबी त्याच्या दुप्पट डेसिबल खाते. आतल्या खोलीतला टीव्ही काढून टाकला असेल तर त्या खोलीचे तोंड विनाकारण उघडे पडलेले असते. अशा उघड्या तोंडातून मिक्सर, ड्रिल, जुनी ट्यूबलाइट यांचा विद्युत गोंगाट तारेत शिरतो, आणि या जोडणीची खोड अशी की घराघरांतला गोंगाट उलट दिशेने जाताना एकत्र होत जातो. म्हणून आपल्या घरी सर्व काही ठीक असूनही खालच्या मजल्यावरच्या एका सैल कनेक्टरमुळे अख्ख्या इमारतीचे अपलोड बिघडू शकते. नको असलेली डबी काढून मोडेमला सरळ मुख्य तार द्यावी. डबी ठेवायचीच असेल तर रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचे टोपण बसवून घ्यावे.

केबलवाल्यांच्या मुलाने मोडेम बंद-चालू केला की तो नव्याने जुळवून घेतो आणि थोडा वेळ बरा चालतो, त्यामुळे तो मुलगा ‘झाले’ म्हणतो तेव्हा खोटे बोलत नसतो. पुढच्या वेळी त्याला वहीतले आकडे दाखवावेत, विशेषतः कोरड्या दिवसाचे आणि पावसाच्या दिवसाचे शेजारी शेजारी लिहिलेले, आणि जोड तपासण्यासाठी त्याला गच्चीवर घेऊन जावे.

प्रश्न : लालबागची आमची चाळ पुनर्विकासात गेली आणि आता आम्ही टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर आलो आहोत. २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, परंतु लॅपटॉप तारेने जोडूनही वेग कधीच ९५ च्या वर जात नाही, दिवसा नाही आणि मध्यरात्रीही नाही. कंपनीचे लोक सांगतात, लॅपटॉप जुना आहे. शिवाय लाइट गेली की आमचा राउटर इन्व्हर्टरवर चालू असूनही नेट बंद पडते.
– एक वाचक दांपत्य, लालबाग

उत्तर : ९५ हा आकडाच सगळे सांगून जातो. गर्दीमुळे वेग कमी झाला असता तर तो वेळेनुसार कमी-जास्त झाला असता. आपला वेग चोवीस तास ९३-९५ वर अडतो, याचा अर्थ मार्गात कुठेतरी १०० एमबीपीएसचे दार आहे. आपल्याकडे फायबर इमारतीपर्यंत येऊन पुढे घरापर्यंत निळी किंवा करडी लॅनची तार आलेली असणार. या तारेत आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएससाठी त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात. त्यापुढच्या, म्हणजे १००० च्या वेगासाठी आठही तारा शाबूत लागतात. एखादी तार क्रिंप करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, नीट बसली नाही किंवा डक्टमध्ये उंदराने कुरतडली, की दोन्ही टोकांची यंत्रे निमूटपणे १०० वर उतरतात. दिवे जळत राहतात आणि नेटही चालते, म्हणून दोष कोणाच्या लक्षात येत नाही.

लॅपटॉप जुना आहे की नाही, हे आपल्यालाच पाहता येईल. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो. लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये तो १००० दिसत असेल तर लॅपटॉपवरचा आरोप निकालात निघाला. मग राउटरच्या पानावर बाहेरून येणाऱ्या तारेचा वेग पाहावा. तिथे १०० असेल तर दोन्ही टोकांचे कनेक्टर नव्याने बसवून घ्यावेत. तरीही फरक पडला नाही, तर इमारतीतला कंपनीचा स्विच, म्हणजे घराघरांत लॅनच्या तारा वाटून देणारे यंत्र, किंवा आपला राउटरच १०० च्या जुन्या पिढीतला आहे का ते विचारावे. आणखी एक शक्यता आपल्या मजल्यामुळे ध्यानात घ्यावी लागेल. या तारेची मर्यादा १०० मीटर असते. एका मजल्याचे ३ मीटर धरले तरी बाविसाव्या मजल्यापर्यंत ६६ मीटर होतात, त्यात तळाशी मीटर-रूमपासूनचे आणि वर डक्टपासून दिवाणखान्यापर्यंतचे आडवे अंतर मिळवले की शंभरी सहज गाठली जाते. स्विच तळमजल्यावर असेल तर मधल्या एखाद्या मजल्यावर दुसरा स्विच मागावा.

विजेचा प्रश्नही त्याच स्विचशी निगडित आहे. तो सोसायटीच्या विजेवर चालतो आणि त्याला बहुधा बॅटरी नसते, त्यामुळे आपला राउटर जागा असला तरी त्याच्याशी बोलणारे कोणी नसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा घरून काम करणाऱ्या अनेकांना हे प्रथमच उमगले. वीज गेल्यावर लिफ्ट ज्या जनरेटरवर चालते त्याच जोडणीवर हा स्विच घेण्याची परवानगी सोसायटीने दिली तर खर्च किरकोळ येतो. स्विचला लागणारी वीज एखाद्या छोट्या दिव्याएवढीच असते.

प्रश्न : स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस दिसते, पण फाइल उतरवताना १२ च्या आसपासच आकडा येतो. कंपनी फसवते आहे का?
– एक विद्यार्थी, भांडुप

उत्तर : नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० ला आठने भागावे, साडेबारा येतात. आपल्याला पूर्ण माप मिळते आहे.

प्रश्न : माझी मुलगी बोरिवलीच्या घरातल्या आतल्या खोलीतून ऑफिसचे काम करते. मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटतो, पण स्पीड टेस्ट घेतली की वेग उत्तम दिसतो. जावई म्हणतात की वाय-फाय पुढे पोहोचवणारा रिपीटर लावू. लावावा का?
– एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : स्पीड टेस्ट अर्धा मिनिट पाइप किती रुंद आहे ते मोजते, मीटिंगला पाण्याची धार न तुटता येणे महत्त्वाचे असते. जावईबापूंना रिपीटरऐवजी आधी पिंगची, म्हणजे छोटा निरोप पाठवून त्याचे उत्तर किती वेळात येते ते पाहण्याची, चाचणी करायला सांगावे. लॅपटॉपच्या कमांडच्या काळ्या खिडकीतून प्रथम घरच्या राउटरच्या पत्त्याला, जो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरखालच्या स्टिकरवर छापलेला असतो, आणि मग दुसऱ्या खिडकीतून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला सतत पिंग करत ठेवावे आणि मीटिंग चालू असताना दोन्हींकडे लक्ष द्यावे. आवाज तुटताना राउटरचेच उत्तर उशिरा येत असेल किंवा येतच नसेल तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे. राउटर तत्परतेने उत्तर देतो आणि ८.८.८.८ चे उत्तर मात्र एरवीच्या दहा-वीस मिलिसेकंदांवरून तीनशे-चारशेवर जाते, असे दिसले तर घराबाहेर जाणारा रस्ता तुंबला आहे.

हे तुंबणे पुष्कळदा घरच्याच मोबाइलमुळे होते. कोणीतरी लग्नाहून परतते, फोन घरच्या वाय-फायला जोडला जातो आणि शेकडो फोटो-व्हिडिओ गुपचूप वर चढू लागतात. काळ्या केबलच्या जोडणीत अपलोडचा वेग डाउनलोडच्या मानाने बराच कमी असतो. तो भरला की मुलीच्या आवाजाचे तुकडे त्या फोटोंच्या रांगेत मागे उभे राहतात. फोटोंचा बॅकअप रात्री होईल असे ठरवून द्यावे, आणि राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कोणत्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवण्याची, सोय असेल तर अपलोडची मर्यादा प्लॅनच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवावी. रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि आवाजाला वाट मिळते.

दोष वाय-फायचा निघाला तर राउटर कुठे ठेवला आहे ते पाहावे. मुंबईच्या घरांत त्याची ठरलेली जागा म्हणजे दारावरचा माळा किंवा टीव्हीमागचा कोपरा, कारण तार तिथवर आलेली असते. मध्ये लोखंडी कपाट आले की आतली खोली त्याच्या सावलीत जाते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत आणि आपल्याकडे फोन उघडला की शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावे दिसतात, तेव्हा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्यावा; तो पट्टा भिंतीला लवकर थकतो, पण तिथे गर्दी कमी असते. रिपीटर जे अर्धवट ऐकतो तेच पुन्हा बोलतो आणि त्याच हवेत बोलत असल्यामुळे वेग साधारण निम्मा करतो. त्यापेक्षा भिंतीच्या कडेने वीस मीटर लॅनची तार आतल्या खोलीत नेणे स्वस्त पडते, दिसायला बरे नसले तरी.

प्रश्न : आमचा राउटर दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद होऊन चालू होतो.
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : राउटरआधी त्याचा अ‍ॅडॉप्टर बदलून पाहावा, तोच आधी थकतो, विशेषतः राउटर सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवून दोघांना एकमेकांच्या उष्णतेत शेकत ठेवले असेल तर. नव्या अ‍ॅडॉप्टरचे व्होल्ट जुन्याएवढेच, पिन तशीच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत.

प्रश्न : दीड महिना तक्रारी करतो आहे. केबलवाले कंपनीकडे बोट दाखवतात, कंपनी केबलवाल्यांकडे. आमच्याकडे दुसरी कंपनी येत नाही. दाद कुठे मागायची?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : गल्लीतले केबलवाले बहुधा कंपनीचे भागीदार असतात, परवाना बिलावर जिचे नाव आहे त्या कंपनीचा असतो, म्हणून तक्रार तिच्याकडेच आणि तिच्या तक्रार केंद्रातच नोंदवावी. केबलवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले दहा निरोप नियमांच्या दृष्टीने तक्रार ठरत नाहीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या नियमांनुसार केंद्राने प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, दिला पाहिजे. मुदतीत निवारण झाले नाही तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, त्यामुळे तिथे लिहून आशेवर राहू नये; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मात्र उपयोगी पडतो.

वेगाबद्दल भांडताना एक लक्षात ठेवावे. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, आणि ही सुधारित व्याख्याही जानेवारी २०२३ पासूनची. त्याआधी ५१२ केबीपीएसला, म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसला, ब्रॉडबँड म्हणत असत. तेव्हा ‘नेट फार स्लो आहे’ एवढेच लिहून उपयोग नाही. तक्रारीत तारेने जोडून घेतलेल्या चाचण्यांचे आकडे, तारखा आणि वेळा, कनेक्शन किती वेळा तुटले ते, आणि आपल्या प्लॅनमध्ये लिहिलेला वेग, असे चार-पाच ओळींत मांडावे आणि आधीचे सर्व डॉकेट क्रमांक खाली लिहावेत.

आणि टेक्निशियन येण्याची वेळ कळली की गच्चीची किल्ली आदल्या रात्रीच सेक्रेटरींकडून मागून ठेवावी. तो दुपारी चार वाजता येतो, सेक्रेटरी तेव्हा फोर्टला ऑफिसात असतात, आणि ‘गच्ची बंद होती’ असा शेरा मारून आपला डॉकेट क्रमांक तिथल्या तिथे निकाली निघतो.